हेवी वाजवायचंय, मग पिकअप कुठला टाकायचा

गेल्या काही वर्षांत सोलापुरातल्या बऱ्याच पोरांनी मला एकच प्रश्न विचारलाय, दादा गिटार हेवी (मेटलसारखी) वाजत नाहीये, कुठला पिकअप टाकू? पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबक आणि कॉइल, तारेचं कंपन तो विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. मी आधी उलट विचारतो, हेवी वाजत नाही म्हणजे नेमकं काय होतंय ते सांग. कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. एकाला डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटका खरखरीत आवाज, पुरत नाही. दुसऱ्याने सहावी तार सी पर्यंत उतरवली की रिफचा (परत परत वाजवायच्या तुकड्याचा) गिचका होतो, कुठला सूर वाजतोय तेच कळत नाही. तिसऱ्याने पाम म्यूट केलं, म्हणजे तळहाताच्या कडेने तारा दाबून वाजवलं, की आवाज जिथल्या तिथे तुटायला पाहिजे तो तुटत नाही, मागे शेपूट राहतं. चौथ्याची गिटार तारांवरून हात काढला की नुसती घूंऽऽ करत बसते. चारही दुखणी वेगळी, औषध वेगळं, आणि ह्यातल्या दोघांना तर बहुतेक वेळा पिकअप बदलायची गरजच नसते, पण इंटरनेटवर शोधलं की चौघांनाही "हाय आउटपुट घे" एवढंच उत्तर मिळतं. मला हे मनापासून खटकतं, कारण ओळखीच्या ब्रँडचा एक पिकअप कस्टम, शिपिंग धरून आपल्यापर्यंत येईस्तोवर सहज दहा हजाराच्या घरात जातो आणि पोरं त्यासाठी सहा-सहा महिने पैसे साठवतात.

आधी फुकटातलं आणि स्वस्तातलं बघून घ्या

तारा. ९-४२ चा सेट (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) स्टँडर्ड ट्यूनिंगसाठी ठीक आहे, तोच ड्रॉप सी ला (सहावी तार सी पर्यंत उतरवून) नेला की सहावी तार वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते, जोरात पिक मारला की सूर आधी वर जातो मग खाली येतो, आणि हे कुठलाच पिकअप सुधारू शकत नाही, तो जे ऐकतो तेच पुढे पाठवतो. ड्रॉप डी ला १०-४६ किंवा १०-५२ टाका, ड्रॉप सी ला ११-५६ च्या आसपास, त्याच्या खाली जायचं असेल तर अजून जाड. जाड सेट टाकला की ट्रस रॉड (नेकमधली सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं) परत करून घ्यायचं, नाहीतर पॉवर कॉर्डच बेसूर लागते आणि डिस्टॉर्शनमध्ये ती बेसूर कॉर्ड म्हणजे निव्वळ गढूळपणा.

मग पिकअपची उंची. सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या पोलपर्यंत, म्हणजे वर दिसणाऱ्या धातूच्या टोकापर्यंत, कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा. ब्रिजला (गिटारच्या बुडाकडचा पिकअप) २ मिलिमीटरच्या आसपास, नेकला (मानेकडचा) थोडं जास्त, अडीचपर्यंत. दुकानातून आलेल्या कितीतरी गिटारींत ब्रिजचा पिकअप ४ मिलिमीटर खाली गेलेला मी बघितलाय, तिथे दोन स्क्रू फिरवले की अर्धं काम होतं. उलट फार वर आणला तर चुंबक तारेला ओढतो, सस्टेन कमी होतो, जाड तारेचा सूर लहरायला लागतो.

आपल्यातले निम्मे लोक अँप नाही वाजवत, घरात आई-वडील, शेजारी, म्हणून ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन. त्यांनी इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटन दाबलंय का ते बघा. साध्या लाइन इनपुटला पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, पिकअप जोडला की वरचा सगळा धारदारपणा गिळला जातो आणि गिटार गोधडीखालून वाजतेय असं वाटतं. गिटारला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. एका पोराने ह्याच कारणासाठी नवीन पिकअप मागवला होता, बटन नंतर दाबलं.

आणि पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा भाग. साखर पेठेतल्या माझ्या एका दोस्ताची गिटार, सेकंडहँड घेतलेली, दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप). तो सारखा म्हणायचा "काय बे हिचा आवाज, तोंडात भाकरीचा घास धरून बोलल्यासारखा." एका रविवारी आम्ही मागचं झाकण उघडलं, आतल्या पॉटवर बी २५० के, म्हणजे २५० किलोओहम, छापलेलं. आधीच्या मालकाने कधीतरी खराब झाला म्हणून मिळेल तो बसवलेला. २५० के सिंगल कॉइलसाठी, हंबकरला ५०० के लागतो, कारण पॉटवरचा आकडा जेवढा कमी तेवढा वरचा ट्रेबल जमिनीला वाहून जातो. दोन पॉट बदलले, खर्च काही शेकडे, आणि पहिलीच कॉर्ड मारल्यावर तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. टोनचा कपॅसिटरही बघून घ्या, हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅराड सर्रास वापरतात.

एवढं सगळं करूनही समाधान नाही तर मग पिकअपचा विचार करायचा, आणि तेव्हा तुम्हाला स्वतःचं दुखणं नीट सांगता येईल.

पूर्व भागातल्या घूं बद्दल

आपल्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, शेजारच्या शेडमध्ये आठ-दहा पॉवरलूम चालू असतात, त्यांच्या मोटारी, जुनं वायरिंग, अर्थिंग कधीकाळी केलेलं. अशा घरात सिंगल कॉइल पिकअप आणि भरपूर गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) म्हणजे गिटारपेक्षा लाइटच जास्त ऐकू येते. आपली लाइट ५० हर्ट्झची. पाच तारी बेससारखी खाली उतरवलेली गिटार नाही, साधी सात तारी गिटार घेतली तरी तिची सातवी बी तार ६१.७ हर्ट्झ, ड्रॉप सी ची सहावी तार ६५.४. म्हणजे लाइटची ती घूं, हम, आणि तुमचा रिफ जवळजवळ एकाच घरात राहतात, इक्यूने (आवाजातला खालचा-वरचा भाग कमी-जास्त करून) हम कापायला गेलात तर रिफचाही पाया कापला जातो.

ह्याचं उत्तर हंबकर. गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ ला ह्याचं पेटंट मागितलं आणि १९५७ पासून तो गिटारींत आला. दोन कॉइल शेजारी-शेजारी, एकीचा चुंबकाचा ध्रुव उलटा आणि वाइंडिंगची दिशाही उलटी, त्यामुळे तारेचा सिग्नल दोन्हीकडून एकाच दिशेने येऊन जुळतो आणि हवेतला हम एकमेकांना मारतो. म्हणून हेवीसाठी ब्रिजला हंबकरच, ह्यावर मी फार चर्चा करत नाही. तुमची गिटार तीन सिंगल कॉइलची स्ट्रॅट असेल तर सिंगल कॉइलच्याच मापात बसणारे हंबकरही मिळतात, बॉडी कोरावी लागत नाही.

पण हंबकर असूनही घूं येत असेल तर पिकअपला दोष देऊ नका. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर ग्राउंड ठीक आहे, फक्त शिल्डिंग कमी पडतंय, आतल्या खाचेला कॉपरची चिकट पट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर आवाज वाढत असेल तर कुठेतरी ग्राउंडची वायर सुटलीये. आणि तारांना हात लावून माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, ह्यात जीव जाऊ शकतो, हे काम उद्यावर टाकायचं नाही.

आउटपुटचा आकडा आणि सुताचा काउंट

आता मुख्य गोष्ट. पिकअपच्या माहितीत एक आकडा असतो, डीसी रेझिस्टन्स, ८ के, १३ के, १६ के, आणि सगळे समजतात जेवढा आकडा मोठा तेवढा पिकअप हेवी. मीही बरीच वर्षं असंच समजत होतो. मग एक दिवस बंद पडलेला एक पिकअप घेऊन मी मामाच्या दुकानात गेलो. मामाचं मोटार वाइंडिंगचं काम आहे, लूमच्या मोटारी जळल्या की त्याच्याकडे येतात. त्याने वरची टेप सोडवली, मेण नखाने खरवडलं, आणि आतली तार बोटाच्या टोकावर उचलून ट्यूबलाइटकडे धरली. ती दिसेचना, नुसती एक तांबूस चमक दिसायची आणि जायची. म्हणाला, "हे तर आपलंच काम हाय की रे, पण लईच बारीक. कितीची तार हाय?" मी म्हटलं ४२ गेज. त्याने विचारलं, "मंग ४४ ची घेतली तर?" आणि तिथे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

सोलापूरकरांना हे समजावणं एकदम सोपं आहे. सुताचा काउंट कसा असतो, २० पेक्षा ४० चं सूत बारीक, आकडा वाढला की धागा बारीक. तारेच्या गेजचंही तसंच. ४२ गेजची तांब्याची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर, ४४ ची ०.०५. आणि तार बारीक झाली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, ४२ गेजला एका मीटरमागे साडेपाच ओहमच्या आसपास, ४४ ला साडेआठच्या पुढे. म्हणजे बॉबिनवर तेवढेच वेढे घातले, फक्त तार बारीक घेतली, तरी मल्टिमीटरवरचा आकडा दीडपटीहून जास्त येतो आणि आउटपुट काही दीडपट होत नाही. आउटपुट ठरतो वेढे किती, चुंबक कुठला, कॉइलचा आकार कसा ह्या सगळ्यांवर. नुसत्या रेझिस्टन्सवरून पिकअप निवडणं म्हणजे चादर वजनावर घेण्यासारखं आहे, वीण बघितलीच नाही.

आणि वेढे खरोखरच वाढवले तर? आउटपुट वाढतो, पण कॉइलचा इंडक्टन्सही वाढतो, त्यामुळे पिकअपचा तो जो धारदार टोक असलेला भाग असतो, रेझोनन्स पीक, तो खाली सरकतो, आवाज जाड आणि मधे फुगलेला होतो. १९७० च्या दशकात अँपमध्ये एवढा गेन नव्हता, तेव्हा लॅरी डिमार्झिओने १९७२ मध्ये सुपर डिस्टॉर्शन काढला, सिरॅमिक चुंबक, भरपूर वेढे, अँपला ढकलून डिस्टॉर्ट करायला, आणि तो त्या काळाचं खरं उत्तर होता. आज तुमच्या प्रोसेसरमध्ये, प्लगइनमध्ये गेन पडून आहे, बारा वाजेपर्यंतही नॉब न्यावा लागत नाही. आता पिकअपकडून गेन नकोय, शिस्त हवीये. खालची तार घट्ट राहिली पाहिजे, पाम म्यूट जागेवर तुटलं पाहिजे, कॉर्डमधले सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. माझं सगळं सांगणं ह्या एका गोष्टीवर उभं आहे. ट्यूनिंग जितकं खाली तितका पिकअप स्वच्छ आणि खालून आवळलेला हवा.

ज्यांना अजून वाटतं की आउटपुटशिवाय हेवी होत नाही त्यांनी ब्लॅक सबाथचा गिटारिस्ट टोनी आयॉमी आठवावा. बर्मिंगहॅम, आपल्यासारखंच कारखान्यांचं गाव, पत्र्याच्या कारखान्यात मशिनीत उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, १९७० मध्ये ब्लॅक सबाथची पहिली रेकॉर्ड आली, आणि त्याच्या गिब्सन एसजीत पी-९० जातीचे सिंगल कॉइल होते. हेवी तिथूनच सुरू झालं ना.

एक जाता जाता, पण कामाची गोष्ट. सेकंडहँड पिकअप घेताना मल्टिमीटर जरूर लावा, कॉइल तुटलीये का ते कळतं. मात्र तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्का वाढतो. कंपनीचा १६.४ के चा आकडा सुखद तापमानातला असतो, आपल्या मे महिन्यात ४२ अंशाला तोच पिकअप १७.६ के च्या आसपास दाखवेल. बिघडला किंवा डुप्लिकेट आहे असं समजून सोडून देऊ नका.

चुंबक, आणि बॅटरीवाले

अल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट, त्यात पुढचे आकडे. अल्निको २ मऊ, ब्लूजवाल्यांना आवडतो, हेवीत खाली पसरतो. अल्निको ५ जास्त दमदार, वर चमक, मधे गाणारा. सिरॅमिक, म्हणजे स्पीकरच्या मागे असतो तोच फेराइटचा प्रकार, अटॅक लवकर आणि टणक, खालची बाजू आवळलेली, पण स्वस्त बनवलेला असेल तर पत्र्यासारखा कर्कश. हे सगळं साधारण मानायचं, चांगला अल्निको ५ चा पिकअप वाईट सिरॅमिकपेक्षा कितीतरी टाइट असतो.

अॅक्टिव्ह पिकअपमध्ये कॉइलला वेढे कमी असतात आणि आतच छोटा प्रीअँप, त्याला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. ईएमजी ८१ हे नाव सगळ्यांना माहीत असतं, सिरॅमिक चुंबक, ब्रिजसाठी, मेटालिका, स्लेयरवाल्यांमुळे घराघरात पोचलं. त्याचा आवाज कापून काढल्यासारखा, मधली बाजू पुढे, हवेतला आवाज फारच कमी, आणि लांब केबल टाकली तरी ट्रेबल जात नाही, जे पॅसिव्हमध्ये हमखास जातं. पूर्व भागातल्या माझ्या एका मित्राने केवळ ह्या शांततेसाठी ईएमजी टाकले आणि मला त्याचा निर्णय पूर्ण पटतो. तोटा असा की व्हॉल्यूम कमी केल्यावर पॅसिव्हसारखं हळूच स्वच्छ होत जात नाही, आणि पिक हलका मारला काय जोरात मारला काय, फरक थोडा बुजतो. डेथ मेटल, थ्रॅश वाजवणाऱ्याला तो फायदाच वाटेल.

काही गोष्टी ध्यानात ठेवा. अॅक्टिव्हला २५ के चे पॉट लागतात, तुमच्या ५०० के वर ते नीट चालणार नाहीत, जवळजवळ स्विचसारखे वागतात. जॅक स्टिरिओ लागतो, केबल घातली की बॅटरी चालू होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते. ब्रिजला जाणारी ग्राउंडची वायर ईएमजीला लागत नाही. बॅटरीला जागा आहे का ते आधी मोजा. आणि ईएमजीचेच एचझेड नावाचे पॅसिव्ह पिकअप असतात, तेच काळं चौकोनी रूप, तोच लोगो, सेकंडहँड गिटार विकणारे सरळ "ईएमजी आहे" म्हणून सांगतात. झाकण उघडून बॅटरी आहे का ते बघा मगच पैसे द्या.

फिशमन फ्लुएन्स हा तिसरा रस्ता, त्यात तार गुंडाळलेलीच नसते, सर्किट बोर्डाचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि एकाच पिकअपमधून वेगवेगळे दोन आवाज स्विचने मिळतात. तेही अॅक्टिव्हच. महाग आहेत, पण आधुनिक प्रोग्रेसिव्ह वाजवणाऱ्यांना मी डोळे झाकून सुचवतो.

मग नेमका कुठला

थ्रॅश आणि जुनं हेवी मेटल, स्टँडर्ड किंवा ड्रॉप डी, आणि सोलो पण वाजवायचेत, तर सेमूर डंकन कंपनीचा जेबी नावाचा पिकअप अजूनही चांगला आहे, अल्निको ५, वरच्या मिडमध्ये सोलो गातो. नेकला त्यांचाच जॅझ, ही जोडी जुनी आणि भरवशाची. पण जेबी ड्रॉप सी च्या खाली माझ्या कानाला सैल वाटतो, खालची तार पसरते. त्यापेक्षा त्यांचाच डिस्टॉर्शन नावाचा पिकअप घ्या, सिरॅमिक, बराच घट्ट. सात तारी किंवा ड्रॉप बी, ड्रॉप ए असेल तर नाझगुल आणि नेकला सेंटिएंट. नुसता रिफचा घण नकोय, कॉर्डमधले सूर सुटे हवेत, तर पेगॅसस, अल्निको ५ आहे आणि तरी गढूळ होत नाही. ब्लॅक मेटल, डेथ मेटलवाल्यांनी ब्लॅक विंटर ऐकावा. इन्व्हेडर बद्दल विचारतात फार, तीन सिरॅमिक चुंबक, दिसायलाही राक्षसी, पण खालची बाजू इतकी भरलेली की आधीच जाड वाजणाऱ्या गिटारीत मी तो टाकणार नाही. तुमची गिटार पातळ, कर्कश असेल तर मात्र विचार करा.

डिमार्झिओत डी अॅक्टिव्हेटर आहे, पॅसिव्ह असून अॅक्टिव्हच्या वळणाचा, बॅटरीचं झंझट नकोय त्यांच्यासाठी मला तो खूप आवडतो. इंग्लंडच्या बेअर नकलचे जगरनॉट, आफ्टरमाथ वगैरे अफाट आहेत, पण किंमत बघता आधी दुसऱ्याच्या गिटारीत वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

नावापेक्षा महत्त्वाचं, तुमची गिटार विनाप्लग वाजवून कान लावून ऐका. नुसत्या तारांचा आवाज खणखणीत, वरच्या बाजूचा असेल तर जाड मिडवाला पिकअप जुळतो. आवाज मुळात गोल, दबलेला असेल तर धारदार सिरॅमिक. पैसे एकाच पिकअपचे असतील तर ब्रिजचाच बदला, हेवीतलं नव्वद टक्के काम तिथूनच होतं, नेकचा पुढच्या दिवाळीला.

ऑर्डर करण्याआधी मोजा

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर ब्रिज पिकअपच्या बरोबर वर मोजा. जुन्या गिब्सन मापाचा हंबकर ४९-५० मिलिमीटरचा, फ्लॉइड रोझ आणि फेंडर जातीच्या ब्रिजला थोडा रुंद लागतो, डिमार्झिओ त्याला एफ-स्पेस्ड म्हणतात, डंकन ट्रेमबकर. चुकलात तर जग बुडत नाही, पण कडेच्या तारा पोलच्या बाहेर पडलेल्या बघून रोज मन खट्टू होतं. सात तारीला तर दुप्पट लक्ष, कारण तिथे साध्या हंबकरच्या आकाराचे आणि अॅक्टिव्हच्या चौकोनी डबीच्या आकाराचे असे दोन प्रकार असतात आणि एकाच्या खाचेत दुसरा बसत नाही.

पिकअपच्या खालचे पाय किती लांब आहेत आणि खाच किती खोल आहे तेही बघा. इबानेझच्या काही गिटारींत पिकअप रिंगशिवाय थेट लाकडाला बसवलेले असतात. आणि स्वस्त गिटारींत पॉट छोटे, त्यांची भोकं ७-८ मिलिमीटरची, मोठा अमेरिकन पॉट घेतला तर त्याला साडेनऊ लागतं, म्हणजे रीमर किंवा फाइलने भोक मोठं करणं आलं. छोटाच ५०० के घेतला तरी चालतो.

बसवताना

गिटारखाली जुनी चादर टाका, बॉडीवरही एक कापड, सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की डाग कायमचा. फ्लॉइड रोझ असेल तर तारा काढण्याआधी ब्रिजखाली पुठ्ठ्याची किंवा लाकडाची पाचर. झाकण उघडल्यावर आधी मोबाइलने चार फोटो काढा, वेगवेगळ्या बाजूंनी, उजेडात. सोल्डरिंग आयर्न ४० ते ६० वॉटचं, कारण पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडताना २५ वॉटचं आयर्न बिचारं तापत राहतं, तुम्ही दाबून धरता आणि पॉट आतून भाजतो. नवी पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ६०-४० सोल्डर मागा. पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा, आधी तिथे थोडं सोल्डर पसरवा, वायरच्या टोकालाही लावा, मग दोन्ही एकत्र तापवा. जोड चकचकीत दिसला पाहिजे, राखाडी, दाणेदार दिसला तर परत तापवा.

रंग. डंकनमध्ये काळी वायर हॉट (सिग्नलची), हिरवी आणि उघडी ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची. डिमार्झिओत लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी एकत्र. दोघांचेही रंग सारखे दिसतात आणि अर्थ वेगळा, म्हणून ब्रिजला एकाचा आणि नेकला दुसऱ्याचा टाकत असाल तर दोनदा वाचा. सगळं जोडून स्विच मधे ठेवल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा येत असेल तर दोघे उलट फेजमध्ये आहेत, एका पिकअपची हॉट आणि हिरवी अदलाबदल करा, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या.

तारा चढवण्याआधी केबल लावून अँप अगदी हळू ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरने पोलवर हलकेच टकटक करा. प्रत्येक कॉइलवर ठक असा आवाज यायला हवा. एकच कॉइल बोलत असेल तर ती मधली जोडवायर तपासा. हे आत्ता केलं तर पाच मिनिटं, तारा चढवून ट्यून केल्यावर कळलं तर परत सगळं उतरवा.

पिकअप बदलण्याआधी एक रिफ रेकॉर्ड करून ठेवा, गेन कुठे, इक्यू कुठे ते लिहून. नंतर तोच रिफ, तीच सेटिंग. नव्याचा आवाज मोठा असेल तर व्हॉल्यूम सारखा करून मगच तुलना करा, कारण कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. मग उंची. आधी २ मिलिमीटरवर ठेवा, आठवडाभर वाजवा, नंतर जाड तारेची बाजू पाव-पाव फेरा खाली घेऊन बघा, कितीतरी वेळा पाम म्यूट त्या पाव फेऱ्यात सुधारतं. गेन एरवी ठेवता त्यापेक्षा थोडा कमी करून बघा, चांगल्या पिकअपला कमी गेन पुरतो.

आणि काढलेले जुने पिकअप टाकून देऊ नका. वायर नीट गुंडाळा, कुठला ब्रिजचा कुठला नेकचा ते टेपवर लिहा आणि डबीत ठेवा. गिटार विकायची वेळ आली तर तेच परत बसवायचे, चांगले पिकअप पुढच्या गिटारीत जातील.